सिरक्याची वाटी

ऑक्टोबरात झुगदिदीकडून येणाऱ्या रुग्णवाहिकांत
कुणी ना कुणी अक्रोडाच्या झाडावरून पडलेलं असतंच.
यंदा पहिली त्सियाला. वय एकसष्ट.
कमरेला चादर आवळून मारलेली गाठ,
तळहात काळेकुट्ट, थेट मनगटापर्यंत:
हिरव्या सालीचा डाग, साबणाला न जुमानणारा.
क्ष-किरणांना मात्र तो दिसत नाही.
त्यांना कळतं हाड,
आणि हाड नाही ती जागा.

सीटीचं यंत्र बंद. दुरुस्तीचा माणूस बाटुमीहून उद्या.
तोवर जुनी रीत. आधी सरळ फोटो,
मग दोन तिरके:
पंचेचाळीस अंश या कुशीवर, पंचेचाळीस त्या.
मोडलेल्या माणसाला कूस बदलायला लावणं
हे माझं काम.
सर्जन गुंगीत कापतो,
मी जागेपणी दुखवते.
"श्वास धरा," मी म्हणते,
आणि ती माझं मनगट धरते.

लॅटिनमध्ये या खळग्याला म्हणे सिरक्याची वाटी म्हणतात.
मला पडद्यावर उखळी दिसली, अक्रोड कुटायची,
बूड फुटलेली,
आणि मांडीच्या हाडाचा गोळा
फुटक्या बुडातून आत डोकावणारा.
वर एक टोकदार काटा, वाटीपासून तुटून मागे राहिलेला.
डॉक्टर एल्गुजांनी त्यावर बोट ठेवलं.
"दोन्ही खांब गेले."
तो काटा दिसला की समजायचं,
वाटीचा एकही तुकडा आता कण्याला धरून नाही.

"मलाही दाखवा," ती म्हणाली.
मी पडदा वळवला. तिने बराच वेळ पाहिलं.
"फोडलेला अक्रोड कुणी परत जोडतं का हो?"
"टरफल जोडतो," एल्गुजा म्हणाले,
"गराचं मला विचारू नका."

चार दिवस पायाला वजन.
पाचव्या दिवशी जांघेतून वाट काढत
आत, आणखी आत.
तिथे, पुढच्या हाडामागे, एक रक्तवाहिनी असते,
कुणाला असते, कुणाला नसते.
जुन्या लोकांनी तिला नाव ठेवलंय: मृत्यूचा मुकुट.
त्सियालाला होती. गव्हाच्या काडीएवढी.
एल्गुजा बोलायचे थांबले.
दोन गाठी. मधून कात्री.
मग पुन्हा सुरू, जावयाच्या नव्या गाडीबद्दल.

पट्टी वाकवली, लावून पाहिली, काढली, परत वाकवली.
प्रत्येक स्क्रूनंतर ते माझ्याकडे बघायचे:
सांध्यात तर नाही ना घुसला?
शिशाचा एप्रन सावरत मी सी-आर्म फिरवायचे,
या बाजूने तिरका, त्या बाजूने तिरका.
आज तिला वळावं लागत नव्हतं.
वळत होतं ते यंत्र.

अशा वेळी मी हाड बघतच नाही.
हाडांमधली काळी रेघ बघते,
कोरीसारखी वाकलेली,
सगळीकडे सारखी जाड आहे ना.
मिलिमीटरभर, फार तर दोन.
त्याहून मोठी पायरी राहिली तर काही वर्षांनी ही बाई
जिना चढताना आम्हा सगळ्यांचा उद्धार करील.

जानेवारीत आली, कुबड्यांवर.
हात पांढरे झालेले, म्हणून आधी ओळखलं नाही.
"तिरके?" तिने दारातच विचारलं.
"नाही. एकच. सरळ."
रेघ सारखी होती. जवळजवळ.
एका कोपऱ्यात मला जरा बारीक वाटली,
एल्गुजांना नाही वाटली.
मी दुसऱ्यांदा बोलले नाही.

जाताना तिने खिडकीत बरणी ठेवली,
सिरक्यात घातलेल्या कोवळ्या फुलांची.
अक्रोड नाहीत. पोरांनी झाड तोडलं,
तिला न विचारता; त्याबद्दल अजून बोलत नाही ती त्यांच्याशी.

बरणी अजून तशीच आहे.
झाकण इतकं घट्ट लावलंय तिने
की आमच्यातल्या कुणाला उघडत नाही.